शाळेचे निमंत्रण

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून जे टपाल येते त्यात लग्नपत्रिका असतात, जमिनीच्या वाटणीचे कागद असतात, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके असतात; आणि पंचेचाळिशी उलटून हुद्दा थोडा वर सरकला की मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास आणखी एक पत्र येऊ लागते. ते आपल्या जुन्या शाळेचे असते. हल्ली ते पाकिटातून न येता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटते, एवढाच फरक. मजकूर मात्र फारसा बदललेला नाही. आपण आमच्या प्रशालेचे भूषण आहात, स्नेहसंमेलनास प्रमुख पाहुणे म्हणून यावे, आणि विद्यार्थ्यांना आपल्या यशाचे रहस्य सांगून मार्गदर्शन करावे.

या पत्राने सुखावला नाही असा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाही. ज्या इमारतीत एके काळी उशिरा आल्याबद्दल दाराबाहेर उभे राहावे लागले, त्याच इमारतीच्या दारात मुख्याध्यापक नारळ घेऊन उभे असणार, ही कल्पना निवृत्तीला टेकलेल्या माणसालाही गुदगुल्या करते. १९४९ साली राजस्थान राज्याची ही राजधानी झाल्यापासून जयपुरात कचेऱ्यांचा विस्तार होत गेला. महालेखापालांचे कार्यालय, रिझर्व्ह बँक, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, २००२ पासून उत्तर-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय, अशा ठिकाणी बदलीवर आलेली मराठी माणसे येथे एकमेकांना हुडकून काढतात, आणि जानेवारीच्या थंडीत कोणाच्या तरी गच्चीवर उन्हाला पाठ देऊन तिळगूळ खात बसली की यंदा शाळेचे बोलावणे कोणाकोणाला आले याची चौकशी होतेच. तेथे जाऊन काय बोलावे हा प्रश्न प्रथमदर्शनी वक्तृत्वाचा वाटतो. परंतु त्यावर थोडा विचार केला असता तो नीतीचा आहे असे आमच्या ध्यानी येऊ लागले आहे, आणि तोच आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

अशा प्रसंगी जे भाषण होते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पुष्कळांनी केलेलेही असेल. त्यात रॉकेलचा कंदील असतो, अनवाणी तुडवलेली वाट असते, जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून केलेली नवी वही असते, एका कडक गुरुजींची छडी असते. मग काही वर्षांची अविश्रांत मेहनत येते, आणि शेवटी निकालाचा दिवस उजाडतो. 'मी तुमच्यासारखाच होतो. मी करू शकलो, तर तुम्हीही करू शकाल,' या वाक्यावर टाळ्या पडतात. या भाषणात खोटे काय आहे? एकेक वाक्य घेतले तर काहीच नाही. कंदील खरा होता, वाट खरी होती, मेहनत तर खरीच होती. परंतु सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको की ज्या टिपणातील एकही विधान खोटे नाही असे टिपणही वरिष्ठांची पुरती दिशाभूल करू शकते. कोणते कागद नस्तीत लावले आणि कोणते लावले नाहीत, यावर सारे अवलंबून असते. शाळेतल्या त्या भाषणात जमेची बाजू एकाच खात्यावर दाखविलेली असते, आणि ते खाते वक्त्याचे असते.

प्राचीन ग्रीसमधील डायागोरस नावाच्या एका नास्तिकाची गोष्ट सिसरोने सांगितली आहे. सॅमोथ्रेस बेटावरील देवळात वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडून लावलेली चित्रे टांगलेली होती. एका मित्राने ती दाखवून त्याला विचारले, एवढी माणसे नवसाने वाचली तरी तुझा विश्वास नाही? त्यावर डायागोरसने उत्तर दिले ते असे, की जे बुडाले त्यांची चित्रे येथे कोणी लावलेली नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे देऊळ पाहण्यासाठी जयपूरकरांना समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. गोपाळपुऱ्याच्या रस्त्याने एक फेरी मारली म्हणजे पुरे. दोन्ही बाजूंना शिकवणी-वर्गांच्या इमारतींवर मुलामुलींचे भव्य चेहरे आणि त्यांच्याखाली त्यांचे क्रमांक झळकत असतात. तीन-तीन मजले उंचीच्या त्या चित्रांखालून रोज सकाळी पाठीवर दप्तरे घेतलेली हजारो मुले जातात, ज्यांची चित्रे कधीच लागावयाची नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि नियुक्तीसाठी शिफारस झाली १,०१६ उमेदवारांची. कंदील, मेहनत आणि कडक गुरुजी हे उरलेल्यांच्याही आयुष्यात नव्हते असे कोण म्हणेल?

शाळेच्या व्यासपीठावर बसलेला पाहुणा हेही असेच एक टांगलेले चित्र होय. त्याच्या वर्गातला जो मुलगा त्याच्याइतकाच हुशार होता, पण बापाच्या आजारपणामुळे दहावीनंतर किराणा दुकानात बसला, तो कधी कधी त्याच सभागृहात मागच्या खुर्च्यांवर पालक म्हणून बसलेला असतो. त्याला व्यासपीठावर कोणी बोलावीत नाही. वस्तुतः मुलांच्या दृष्टीने त्याचा अनुभव कमी उपयोगाचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे खरे असले तरी मुलांपुढे बोलावयाचे नव्हे. मुले कोवळी असतात. त्यांना दैवाची महती सांगितली तर ती हातपाय गाळतील, आणि आपल्या समाजाला दैववादाची बाधा आधीच काय कमी आहे? हा आक्षेप हलका नाही. आगरकरांपासून आपल्याकडील सुधारकांची पिढीच्या पिढी या दैववादाशी झुंजली, आणि आज आपण ज्या खुर्च्यांवर बसतो त्या त्यांच्या झुंजीनेच आपल्याला लाभल्या. तेव्हा प्रयत्नाला कमी लेखणारे काहीही शाळेत बोलले जाऊ नये हे आम्हांस मान्य आहे. परंतु दैव हा शब्द आपण दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो, आणि घोटाळा तेथे होतो. एक दैव पुढचे. जे तळहातावर, पत्रिकेत शोधले जाते, आणि ज्याच्या भरवशावर माणूस उद्याचे काम आज टाळतो. दुसरे दैव मागचे; जे घडून गेलेल्या गोष्टींचा हिशेब मांडताना शिल्लक म्हणून निघते, ज्याची कोणत्याच प्रयत्नाच्या खात्यावर नोंद करता येत नाही. पहिल्यावर भिस्त ठेवणे हा आळस आहे. दुसऱ्याची नोंद करणे हा केवळ प्रामाणिक जमाखर्च आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत त्यांत अधिष्ठान, कर्ता, करणे आणि नाना चेष्टा यांच्यानंतर पाचवे दैव आहे. आणि लगेच पुढे, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला खरे दिसत नाही असाही अभिप्राय दिला आहे. ज्या ग्रंथाने कर्म कर म्हणून अर्जुनाला उठविले त्यालाच हे सांगणे अडचणीचे वाटले नाही.

शिवाय, मुले कशाने हातपाय गाळतात याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. जयपुराहून रेल्वेने चार तासांवर कोटा. तेथील शिकवणी-वर्गांत देशभरातून मुले येतात, आणि त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत एकच गोष्ट सांगितली जाते, की सर्व काही तुझ्या हातात आहे. दैववादाचा लवलेशही तेथे नाही. २०२३ या एका वर्षात त्या शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाला वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा हुकूम काढावा लागला. एवढ्या दुःखाला एकच कारण लावणे उतावीळपणाचे होईल. घरापासून दूर राहणे, कर्ज, एकटेपणा, अशी अनेक कारणे असतात. परंतु ज्याला यश सर्वस्वी आपल्या हातात असल्याचे पटविले गेले आहे, त्याला अपयशही सर्वस्वी आपलाच दोष वाटणार, हे तर्काला सोडून नाही. पाहुण्याच्या भाषणातील टाळीच्या वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग आहे. तो पाहुणा उच्चारीत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा तो मनातल्या मनात पुरा करून घेतो. 'मी करू शकलो, तर तुम्हीही करू शकाल' याचा अर्थ, जो करू शकला नाही त्याच्यात काही उणे होते, असाच होतो. आणि त्या मुलाला आपला बाप डोळ्यांसमोर दिसत असतो.

या ठिकाणी जयपूरच्याच एका लेखकाची आठवण होते. पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा जन्म १८८३ साली याच शहरात झाला. 'उसने कहा था' या कथेमुळे हिंदी वाचक त्यांना ओळखतात. पण 'पाठशाला' नावाचा त्यांचा एक अगदी छोटा लेख आहे, तो शाळेत पाहुणा म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने जाण्यापूर्वी वाचावा असे आम्हांस वाटते. शाळेचा वार्षिकोत्सव आहे. मुख्याध्यापकांचा आठ वर्षांचा मुलगा प्रदर्शनातल्या वस्तूप्रमाणे पाहुण्यांपुढे उभा केला आहे. चेहरा पिवळा पडलेला, डोळे खाली. त्याला नाना शास्त्रांतले प्रश्न विचारले जातात आणि तो पाठ केलेली उत्तरे देतो. शेवटी एक वृद्ध गृहस्थ त्याला आशीर्वाद देऊन विचारतात, बाळ, बक्षीस काय हवे? बाप आणि गुरुजी श्वास रोखून उभे. मुलगा पुस्तक मागणार अशी त्यांची खात्री. मुलाच्या चेहऱ्यावर नाना रंग येतात आणि जातात, आणि तो हळूच लाडू मागतो. गुरुजनांची निराशा होते. लेखकाचा मात्र जीव भांड्यात पडतो, कारण मूल अजून जिवंत आहे हे त्याला कळलेले असते.

हेच गुलेरी ऐन तारुण्यात, विसावे वर्ष लागण्याच्या सुमारास, येथील जंतरमंतरच्या जीर्णोद्धाराच्या कामात होते, आणि १९०२ साली गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी या वेधशाळेवर पुस्तकही लिहिले. सवाई जयसिंगाने उभारलेले तेथील बृहत् सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे. त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते असे सांगतात. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना तेथे नेतो, आणि सावलीची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही हे पाहून ते हमखास हसतात. यंत्र चुकलेले नसते. ते जयपूरचा सूर्य दाखविते. घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचा प्रमाणकाल दाखविते. दोहोंत सुमारे सत्तावीस मिनिटांचे अंतर पडते, आणि ऋतुमानानुसार आणखी काही मिनिटांची वजाबेरीज करावी लागते. तिचे कोष्टक हाताशी असले की यंत्र आजही उपयोगी आहे. आमच्या पिढीचा अनुभव मुलांना निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. तो एका ठिकाणचा, एका काळचा आहे, आणि त्याच्याबरोबर वजाबेरजेचे कोष्टक दिले पाहिजे, इतकेच. ज्या वर्षी आम्ही नोकरीला लागलो त्या वर्षी जागा किती होत्या, परीक्षा कोठे होत असे, शुल्क किती होते, हे सांगितल्याविना आमच्या मेहनतीचे तास सांगण्यात अर्थ नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हे कोष्टक लागते. चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पहिले आले आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. ही बुद्धिमत्ता लोकोत्तर होती यात शंका नाही. परंतु ती परीक्षा त्या काळी लंडनमध्ये होत असे. हिंदुस्थानात ती प्रथम १९२२ साली झाली. म्हणजे तोपर्यंत, ज्याला बोटीचे भाडे आणि विलायतेतला खर्च झेपत नव्हता, त्याची बुद्धी कितीही तीक्ष्ण असली तरी ती परीक्षकांपुढे जाऊच शकत नव्हती. देशमुखांचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो आपला एक भ्रम, की परीक्षेच्या दारापर्यंत सारे एकाच वाटेने येतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र तर या दृष्टीने मुळातूनच वाचावे. १८७५ साली, सतरा वर्षांच्या वयात, एका परीक्षेसाठी ते कोकणातील मुरूडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेले; शंभरावर मैलांची ती वाट. तेथे परीक्षा घेणाऱ्यांना हा मुलगा सतरा वर्षांचा दिसेना, म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. आमच्या नेहमीच्या भाषणातील सर्व साहित्य येथे आहे: गरिबी, अनवाणी वाट, निष्ठा. फक्त फळ नाही. अंगकाठी बारीक, एवढ्या कारणावरून सारे वाया गेले. याच्या उलट, १८९० च्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास माणूस हवा झाला, आणि गोखल्यांनी आपल्या जुन्या सहाध्यायाला बोलावले. १८९१ साली कर्वे पुण्यास आले ते असे. दुसऱ्यांच्या भांडणाने एक जागा रिकामी होते आणि पुढे त्यातून हिंगणे उभे राहते, महिला विद्यापीठ उभे राहते! कर्व्यांनी 'आत्मवृत्त' लिहिले त्यात स्वतःच्या बुद्धीची फुशारकी नाही, ती नसण्याचे कारण आम्हांस येथे दिसते. आपण कोणकोणत्या दारांतून आत आलो आणि ती कोणी उघडली हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि आपल्यासारख्या परगावी नोकरी करणाऱ्यांच्या मनाला लागावी अशी गोष्ट पुढेच आहे. मुंबईत मिळवू लागल्यावर कर्व्यांनी आपल्या गावासाठी 'मुरूड फंड' काढला होता. गावाबाहेर गेलेल्यांनी मिळकतीतील काही अंश गावाच्या कामासाठी द्यावा, ही कल्पना. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, पत्नीला घेऊन ते मुरूडला गेले, आणि त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. भूषण म्हणून गावी बोलावले जाणे हे सुख सर्वांच्याच वाट्याला येत नाही. ज्यांनी आयुष्यात काही खरे केले, त्यांच्या वाट्याला तर ते अनेकदा फार उशिरा येते. शाळेने आपल्याला सहज बोलावले याचा एक अर्थ असाही निघतो, की आपण गावाला टोचेल असे काही केलेले नाही. हा विचार नारळ स्वीकारताना मनात असलेला बरा.

येथे आणखी एका शाळेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावाचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्र शासन विद्यार्थी दिवस म्हणून पाळते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शाळेतल्या दिवसांविषयी आंबेडकरांनी पुढे जे लिहून ठेवले आहे त्यात वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसणे आहे, घरून नेलेला गोणपाटाचा तुकडा आहे, आणि शिपायाने नळ सोडला नाही तर तहानलेले राहणे आहे. त्यांना कोलंबिया विद्यापीठात पोहोचविले ते १९१३ साली मिळालेल्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने, आणि अर्थात त्यांच्या स्वतःच्या अलौकिक परिश्रमाने. अशा माणसाने 'मी तुमच्यासारखाच होतो' असे वाक्य कोणत्या बाकाकडे पाहून उच्चारावे? शाळा एका मुलाला अक्षर देते आणि त्याच तासाला अपमानही देते. दोन्ही एकाच इमारतीत. आमच्यापैकी बहुतेकांना तो गोणपाट कधी घरून न्यावा लागला नाही. तो न न्यावा लागणे हीसुद्धा आपल्या यशाच्या जमाखर्चात लिहावयाची रक्कम आहे, आणि बहुतेक भाषणांत तिची नोंद नसते. पाहुणा शिष्टाचाराने शाळेचे गुणगान करतो. पण आजही त्या सभागृहात कोणी एकटे बसलेले असेल, आणि आपल्याविषयी एक शब्द बोलला जाईल काय याची वाट पाहत असेल.

आता ज्याला आपण मागचे दैव म्हटले त्याची फोड करून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यात ग्रहताऱ्यांचा भाग फार थोडा असतो. बाकी सारी माणसे असतात. शंकरशेटांच्या नावाची शिष्यवृत्ती कोणी तरी ठेवलेली असते; फीमाफीच्या अर्जावर कोणी तरी सही केलेली असते; वसतिगृहाच्या खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे कोणी तरी मागितलेले नसतात. मुलांना ज्या वेळी आपण 'नशिबाने साथ दिली' असे मोघम सांगतो त्या वेळी या माणसांवर पाणी पडते. त्यांची नावे घेऊन, रकमा घालून सांगितले तर दैव हे अंधारातले गूढ राहत नाही. ते कोणी तरी कोणासाठी केलेले काम ठरते, आणि जे काम एकाने केले ते दुसऱ्यालाही करता येते. मुले यामुळे हातपाय गाळतील हे आम्हांस खरे वाटत नाही.

मात्र या हिशेबात एक अवघड बाब राहते. आपल्या वाट्याला आलेले काही वेळा दुसऱ्याच्या वाट्याचे कमी करून आलेले असते, आणि ते सांगणे म्हणजे त्या दुसऱ्याचे आयुष्य चारचौघांत उघडे करणे. आमच्या जयपूरच्या मंडळींत एक लेखाधिकारी आहेत. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना शाळेचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी गच्चीवरच्या बैठकीत हाच प्रश्न मांडला. त्यांच्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीनंतर थांबविण्यात आली होती. घरात एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते, आणि तो एक कोण याचा विचार करण्याची गरज त्या घरात कोणालाच वाटली नव्हती. ती बहीण आज त्याच गावात आहे. तिची नातवंडे त्याच शाळेत जातात. हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट खरी होत नाही, असे ते म्हणाले. आणि सांगितले तर मी तिच्या दुःखावर स्वतःचा प्रामाणिकपणा मिरविला असे होईल.

बैठकीत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, हे सांगावेच. समोर बसलेल्या मुलींपैकी कोणाची शाळा पुढच्या वर्षी सुटणार असेल तर तिच्या बापाच्या कानावर हे गेले पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे, सत्य बोलण्याचा अधिकार स्वतःपुरता असतो. दुसऱ्याची जखम ही आपली मालमत्ता नव्हे. आमचे मत असे पडले, की दोन्ही पक्ष बरोबर आहेत, परंतु निर्णय दोघांपैकी कोणाचाच नाही. तो बहिणीचा आहे, आणि तिला विचारावयास फार तर एक दूरध्वनी लागेल. इतक्या साध्या गोष्टीला आम्हां सर्वांना तास लागला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त्या बाईंना काही विचारण्याची सवय कोणालाच नव्हती, आणि त्याच्याच तर गोष्टीविषयी आम्ही बोलत होतो.

त्यांनी त्याच रात्री विचारले. उत्तर त्यांनी आम्हांस नंतर सांगितले ते येणेप्रमाणे: 'सांग की. नाव नको घेऊस. अन् ताईला लई वाईट वाटते असं काही रडगाणं नको लावूस तिथं. गणित मला तुझ्यापेक्षा बरं यायचं, एवढं मात्र सांगजो.'

ते गेले, बोलले. भाषण बारा-तेरा मिनिटांत आटोपले. कंदील होता की नव्हता हे आम्ही विचारले नाही. त्यात शाळेच्या गरीब विद्यार्थी निधीतून मिळालेल्या रकमेचा आकडा होता, फॉर्मची फी भरणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरांचा उल्लेख होता, पहिल्या प्रयत्नात तीन गुणांनी हुकलेली आणि दुसऱ्यात दोन गुणांनी साधलेली परीक्षा होती, रोज पहाटे चारला उठण्याचीही गोष्ट होती, कारण तेही खरेच होते. आणि गणित चांगले येणारी एक बहीण होती. मुख्याध्यापक थोडे अस्वस्थ झाले असावेत, कारण आभार मानताना त्यांनी अविश्रांत परिश्रमांचे महत्त्व दोनदा सांगितले. मग मुलांना प्रश्न विचारावयास सांगण्यात आले. पहिला प्रश्न, जयपूरला सगळीकडे उंट असतात का. दुसरा, पगार किती. तिसरा प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारला, की त्या बहिणीने पुढे गणिताचे काय केले.

याचे उत्तर आपल्याला नीटसे ठाऊक नव्हते, असे ते म्हणाले. सोसायटीच्या दूध केंद्राचा हिशेब ती पाहत असे एवढे त्यांनी सांगितले. किती वर्षे, कसा, हे विचारण्यासाठी ते संध्याकाळी तिच्या घरी गेले, आणि जेवणानंतर तिने कपाटातून दूध केंद्राच्या वह्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. महालेखापालांच्या कार्यालयात पंचवीस वर्षे काढलेला हा माणूस रात्री अकरापर्यंत त्या वह्या पाहत बसला होता. एकाही पानावर खाडाखोड नव्हती, असे त्यांनी आम्हांस परत आल्यावर सांगितले.